अ ते ब, सरळ रेषेत

अंबाजोगाई
१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

चि. रुद्राणी,

आशीर्वाद. पत्र लिहायला कारण आहे. नाहीतर सहा वर्षांत लिहिलं नाही, ते आजही लिहिलं नसतं.

आज संध्याकाळी साडेसहाला नेहमीप्रमाणे तुझा फोन आला. तुझी आई आतल्या खोलीत बोलते, मी बाहेर ओट्यावर बसतो. स्पीकर लावायचा नाही ही तुझी अट मला माहीत आहे आणि मी ती पाळतो. पण आईचा आवाज तुला ठाऊकच आहे, तिच्या वाटचं बोलणं अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. ती म्हणाली, "म्हंजे तानाजी तुझ्यापशी न्हाई? दुसऱ्या गावात? किती लांब हाय ते?" मग जरा थांबून, "तासाभराचं व्हय, मग लई जवळ हाय की."

फोन झाल्यावर मी तिला विचारलं. तिने सांगितलं ते असं. तू जिथे नर्स आहेस त्या वस्तीत तानाजीला काम मिळालं नाही. उन्हाळ्यापासून तो दुसऱ्या वस्तीत डिझेलवर चालणारं वीजघर सांभाळतो. परळीच्या थर्मलवर फिटर होता त्याचा तिकडे उपयोग झाला, चांगलं आहे. दोन्ही वस्त्या कॅनडाच्या पार वरच्या टोकाला. मध्ये रस्ता नाही, जायचं तर विमानानेच. आणि अंतर, तुझ्या म्हणण्याप्रमाणे, तासाभराचं.

कोणी अंतर तासात सांगितलं की मला शंका येते. छत्तीस वर्षं मी सरकारी मोजणीदार होतो. बांधावर उभे राहून लोक म्हणायचे, "ह्ये काय, हाकेच्या अंतरावर," आणि साखळी टाकली की अर्धा किलोमीटर भरायचं. म्हणून मी मोजलं.

स्टेशनरीच्या दुकानातून जगाचा मोठा नकाशा आणला आणि खाटेच्या वर भिंतीला ठोकला. स्टीलची पट्टी आणि कर्कटक माझ्याकडे होतं. तुमच्या गावांची नावं मला लिहिता येतात, म्हणता येत नाहीत, म्हणून कागदावर तुझं गाव अ आणि तानाजीचं ब. दोन्हींचे अक्षांश-रेखांश फोनवर सापडले. फोन अंतरही सांगतो म्हणे. पण ते कुणी मोजलं हे तो सांगत नाही, म्हणून मी बघितलं नाही. अ ते ब, सरळ रेषेत, नकाशाच्या प्रमाणाने बाराशे किलोमीटर भरलं. तीनदा मोजलं.

छोट्या विमानाने तासात बाराशे किलोमीटर होत नाही. मोठ्यानेही होत नाही. म्हणजे तू आईला खोटं सांगितलंस. नवऱ्यापासून बाराशे किलोमीटरवर राहणारी मुलगी ते अंतर लपवते, याचा अर्थ मला एकच दिसतो. त्याने तुला टाकलं की तू त्याला सोडलंस एवढं दोन ओळींत कळव. कारणं नकोत.

पोस्टाने हे पत्र तुला महिन्याने-दीड महिन्याने मिळालं असतं, म्हणून आई फोटो काढून पाठवते आहे. कडा कापू नको म्हणून तिला बजावलं आहे.

अप्पा


अंबाजोगाई
४ नोव्हेंबर २०२५

चि. रुद्राणी,

तेवीस दिवस झाले. आई सांगते की पत्राखाली दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे तू वाचलंस. उत्तर नाही. मोजणीच्या नोटिशीला उत्तर आलं नाही तर आम्ही हरकत नाही असं धरायचो. मी तसंच धरलं.

तुझे सासरे सुंदरराव यांना युसूफ वडगावला रजिस्टर पत्र पाठवलं. मजकूर थोडक्यात असा, की आपल्या मुलाने माझ्या मुलीला टाकलेलं आहे, दोघांत बाराशे किलोमीटर अंतर आहे, सोबत नकाशाची नक्कल जोडली आहे, आपण खुलासा करावा. पोचपावती आली. खुलासा आला नाही.

हे तुझ्या आईला पोस्टमनकडून कळलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण भिंतीशी. "ह्या माणसाला कावून सुचतं असलं? जन्मभर लोकांच्या शेतात दगड रोवले, आता लेकीच्या संसारात रोवायलाय." जेवायला भाकरी आणि कोरडं तिखट. सकाळची लिंगपूजा झाली की चहा यायचा, तो आता मी करतो. साखर कुठल्या डब्यात असते हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं.

सुंदररावांना माझा राग आहे तो जुना. तो कशाचा हे तुला सांगायला नको, पण माझी बाजू एकदा कागदावर असावी. फेब्रुवारी २०२० मध्ये सुंदरराव आणि त्यांचा चुलतभाऊ भागवत यांच्यातल्या बांधाची मोजणी मी केली. तुझ्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं आणि माझ्या निवृत्तीला पाच महिने होते. सुंदररावांच्या वडिलांनी खणलेली विहीर मोजणीत भागवतच्या बाजूला गेली. ती गेली तिथे मी दगड रोवला. व्याही म्हणून एक इंच सोडला नाही. पुढे त्यांची मोसंबीची बाग वाळली, तानाजीचं शेतीतलं मन उडालं आणि तुम्ही दोघं देश सोडून गेलात. त्या दिवसापासून तू माझ्याशी एक शब्द बोललेली नाहीस. माझी मोजणी नियमाने होती. कोणीही अपील केलं नाही.

एवढंच नोंदवायचं होतं.

अप्पा


अंबाजोगाई
२० नोव्हेंबर २०२५

चि. रुद्राणी,

काल दुपारी तुझी सासू आली. एकटी, वडगावहून एसटीने. आम्ही लग्नानंतर समोरासमोर आलो नव्हतो. छबुबाई ओट्यावर चढल्या आणि तिथेच पदर सावरून बसल्या. म्हणाल्या, "आत येत न्हाई अप्पा. माझ्या लेकानं तुमच्या लेकीला टाकलं असंल तर मी हितंच बसते. तुमी म्हनाल तवा उठते."

आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. छबुबाईंनी तो हातात घेतला नाही. "ऱ्हाऊ द्या वैनी. आमाला टँकरच्या पान्याची सवय हाय." आई तांब्या घेऊन तशीच उभी. मी समोरच्या लिंबाकडे बघत बसलो. दुसरं काय करणार?

मग त्यांनी फोन काढला. मोठ्या अक्षरांचा, सुनेनेच पाठवलेला, हे त्या दोनदा म्हणाल्या. त्यात व्हिडिओ होता. एक लहान खोली, खिडकीत बर्फ, तानाजी तव्यावर भाकरी थापतो आहे आणि ती नकाशासारखी वाकडी झाली म्हणून तू हसते आहेस. मी तुझं हसणं सहा वर्षांनी ऐकलं. मी म्हणालो, "हा कधीचा?" छबुबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तो प्रश्न परत घ्यावासा वाटला.

"दसऱ्याचा. सोन्या बाई, ह्या मानसाला हसनारी लेक दिसना, तारीख दिसती." सोन्या बाई म्हणजे तुझी आई. तुझ्या लग्नात विहीण म्हणून ठेवलेलं नाव त्यांच्या अजून लक्षात आहे.

जाताना पायरीवर थांबल्या. "अप्पा, तुमी हुशार मानूस. पन तवा बी तुमी एकाच दगडावरून धरलंत. तान्यानं किती सांगितलं, खालच्या दगडावरून बी एकदा धरा म्हनून. आता बी तसंच केलंत."

तेव्हा ते असं झालं होतं. मोजणीच्या दिवशी बांधावर चाळीस-एक माणसं जमली होती. मी शेताच्या वरच्या हद्दीच्या दगडावरून माप धरलं होतं. तानाजी पुढे येऊन म्हणाला, "अप्पा, खालच्या दगडावरून एकदा धरून बघा." मी म्हणालो, "मला शिकवू नको. साखळी माझ्या हातात आहे." लोक हसले. जावयाला सासऱ्याने चारचौघांत गप्प केलं म्हणून हसले.

छबुबाई साडेतीनच्या गाडीने गेल्या. तुझी आई स्टँडपर्यंत बरोबर गेली. तिथे त्यांनी उसाचा रस घेतला असं आई भिंतीला सांगत होती.

अप्पा


अंबाजोगाई
२९ नोव्हेंबर २०२५, शनिवार

चि. रुद्राणी,

आज आमच्या मागच्या गल्लीतल्या शाळेत गेलो होतो. शनिवारची अर्धी शाळा सुटली होती. शाळेच्या सेविका चतुराबाई कपाटाला कुलूप लावत होत्या. मी म्हणालो, पृथ्वीचा गोल बघायचा आहे. त्यांनी कपाटावरून गोल काढला, पदराने धूळ पुसली आणि म्हणाल्या, "घ्या अप्पा. लई दिसांनी पृथ्वी मागायला कोनी आलं."

गोलाचा आस मोडलेला आहे, एका बाजूला कलतो. मी अ आणि ब खडूने टाकले. गोधडी शिवायचा दोरा नेला होता, तो दोन ठिपक्यांवर ताणून धरला. जेमतेम नखाएवढा भरला. मला वाटलं दोरा सरकला. पुन्हा धरला, तेवढाच. मग तोच दोरा उचलून अंबाजोगाई असावी तिथे ठेवला, पश्चिमेकडे. दुसरं टोक मुंबईला लागलं.

अंबाजोगाई ते मुंबई सरळ रेषेत किती ते मला पाठ आहे. तीनशे सत्तर.

घरी येऊन खाट ओढली. नकाशा ठोकताना त्याची खालची कड खाटेमागे गेली होती. तिथे बारीक अक्षरांत छापलं आहे की हे प्रमाण फक्त विषुववृत्तावर लागू आहे, ध्रुवांकडे नकाशा ताणला जातो. तुमच्या पट्ट्यात तो तिपटीहून थोडा जास्त ताणलेला आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की वरची बाजू फाकते. शाळेतल्या पोराला हे शिकवतात. मलाही शिकवलं असेल. पण मी छत्तीस वर्षं एकरा-दोन एकरांची शेतं मोजली आणि तेवढ्या जागेत पृथ्वी सपाटच असते. मी तुझ्या आईला कडा कापू नको म्हणून बजावलं आणि माझी कड खाटेमागे होती.

शेवटी फोनवरही बघितलं. तीनशे सत्तर. छोट्या विमानाला तास लागतो.

तू खरं सांगितलं होतंस. तानाजीबद्दल जे लिहिलं ते सगळं मी मागे घेतो. सुंदररावांनाही लिहिणार होतो, पण आई पहिल्यांदा भिंत सोडून माझ्याशी बोलली. म्हणाली, "लिवू नका. जावा. तुमच्या पत्रानं जे झालं ते पत्रानं निस्तरायचं न्हाई." तेव्हा जाणार आहे.

आणखी एका गोष्टीबद्दल लिहायचं होतं. पान संपलं.

अप्पा


अंबाजोगाई
१४ डिसेंबर २०२५

चि. रुद्राणी,

मागच्या पत्रात पान संपलं नव्हतं. अर्धं कोरं होतं. आईने फोटो काढला त्यात तुला दिसलंच असेल.

परवा वडगावला गेलो. स्टँडवरून सुंदररावांचं घर तसं दहा मिनिटांवर आहे, मला अर्धा तास लागला. सुंदरराव अंगणात बाजेवर होते. उठले, "या अप्पा" म्हणाले, बाज मोकळी केली. मी उभ्यानेच सांगितलं की पत्रातला मजकूर चुकीचा होता, नकाशा मला वाचता आला नाही, माझ्या जावयावर मी खोटा आळ घेतला, माफी असावी. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "किती हाय म्हनं खरं?" मी म्हणालो, "तीनशे सत्तर." ते म्हणाले, "मग जवळच की." आणि हसले. माणूस दिलदार आहे, मी नाही.

त्यांनी हसायला नको होतं. ते हसले म्हणून मला पुढचं बोलणं भाग पडलं. जे त्यांना सांगितलं ते तुलाही लिहितो, कारण ते तुला आधीपासून माहीत आहे आणि तुला माहीत आहे हे मलाही सहा वर्षं माहीत आहे.

मोजणीच्या दिवशी दुपारी सगळे भागवतच्या घरी चहाला गेले. मी मागे राहिलो. तानाजी जे बोलला ते डोक्यात होतं. वरचा दगड रस्त्याच्या कडेला होता आणि तो रस्ता मागे एकदा रुंद केला होता. त्या कामात दगड उपटून पुन्हा बसवला असेल, हे मला उभं राहिल्या राहिल्या कळायला हवं होतं. ओढ्याकाठचा खालचा दगड कोणी हलवलेला नव्हता. मी एकट्याने त्याच्यावरून टेप धरला. विहीर सुंदररावांच्या हद्दीत निघाली. काठावर नाही, चांगली आत. किती आत, तो आकडा मी पेन्सिलने वहीत लिहिला.

मग लोक चहा पिऊन परत आले. आणि मी दगड सकाळच्या मापावर रोवला. वहीतला आकडा रबराने खोडला.

का, ते सांगतो. तुझं लग्न मी राजीखुशीने लावून दिलं. आपल्या लोकांत काय काय बोललं गेलं ते मी पचवलं. अप्पांनी जातीबाहेर पोरगी दिली, आता जावयाला जमीनही मोजून देतील, हे माझ्या कानावर होतं. नियमाने ते प्रकरण मी दुसऱ्या मोजणीदाराकडे सोपवायला हवं होतं. मी हट्टाने स्वतःकडे ठेवलं, माझा सरळपणा दाखवायला. सकाळी जावई बोलला आणि दुपारी मी माप बदललं तर लोक काय म्हणतील? व्याह्याच्या विरुद्ध गेलेल्या मापाला कोणी लबाड म्हणत नाही. मला लबाड म्हणवून घ्यायचं नव्हतं, म्हणून मी लबाडी केली.

त्या संध्याकाळी तू माहेरी आली होतीस. आठवीपासून माझ्या वहीतल्या बेरजा तू तपासायचीस. तू वही उघडलीस, दिव्याखाली तिरपी धरलीस आणि म्हणालीस, "अप्पा, इथं काय खोडलंय?" मी म्हणालो, "चूक होती." तू वही मिटून कोनाड्यात ठेवलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलीस. ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

सुंदररावांनी हे ऐकलं आणि तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाले, "अप्पा, आमच्या बापानं खनलेली हीर. ती कुठं हाय ते मला ठाव न्हाई व्हय? मला त्याच दिशी कळालं होतं." मी विचारलं, मग अपील का केलं नाही? ते म्हणाले, "इवायाच्या मोजनीवर अपील करू? लोक म्हनले असते, सुंदररावानं सुनंच्या बापाला खोटं पाडलं. सूनबाईनं कोनाच्या तोंडाकडं बघायचं मग?"

असं आहे. मी लोकांकडे बघून माप दाबलं आणि ते तुझ्याकडे बघून गप्प बसले. बाग मात्र वाळली ती वाळलीच.

छबुबाईंनी पाणी आणून दिलं. मी प्यालो. मला लाज वाटली.

अप्पा


अंबाजोगाई
८ फेब्रुवारी २०२६, रविवार

चि. रुद्राणी,

फेरमोजणी झाली. अपिलाची मुदत केव्हाच टळली होती, पण मी लेखी कबुली जोडल्यावर सुंदररावांचा अर्ज घेतला गेला. कबुलीत सगळं लिहिलं, खोडलेल्या आकड्यासकट. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा आज त्या खुर्चीवर आहे. त्याने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "सर, हे जोडायलाच पाहिजे का?" मी म्हणालो, जोड. पेन्शनवर काय व्हायचं ते होईल. आईला विचारलं तर म्हणाली, "शेवया करून इकीन. पन तुमी आता रबर हातात घिऊ नका."

मोजणी यंत्राने झाली, दोन्ही दगडांवरून आणि तिसऱ्या एका खुणेवरूनही. मी लांब लिंबाखाली उभा होतो, कोणाला काही सांगितलं नाही. विहीर सुंदररावांकडे आली. भागवत कमरेवर हात ठेवून म्हणाला, "म्हंजे सा वर्सं पानी पिलो ते आता वकू का काय?" पण सही केली. जाताना माझ्याजवळ येऊन म्हणाला, "अप्पा, तुमी लई सरळ मानूस म्हनून आमी गावभर सांगत होतो बे." बे मला म्हणाला. मी ऐकून घेतलं.

आता तुमचं. आई सांगते, तानाजी तुझ्याकडे यायला जानेवारीत दोनदा निघाला. पहिल्या वेळी विमान तुझ्या गावावर आलं, धुक्यात घिरट्या घातल्या, उतरता येईना म्हणून तसंच माघारी गेलं. दुसऱ्या वेळी त्याला वरून दवाखान्याचा दिवा दिसला म्हणे. तरी परत. तीनशे सत्तर जाऊन पुन्हा तीनशे सत्तर, आणि तो जिथून निघाला तिथेच. तू हे आईला सांगताना रडलीस. मी ओट्यावर होतो, तुझं रडणं मला ऐकू आलं नाही, पण आईचं आलं. असल्या अंतराला माझ्या वहीत रकाना नाही. मी फोनवर आता रोज तुमच्या दोन्ही गावांचं हवामान बघतो. आज अ ला वारा आहे. ब ला स्वच्छ आहे.

फेरमोजणीत विहीर किती आत निघाली तो आकडा माझ्याकडे आहे. पत्रात लिहीत नाही. तू विचारलंस तर सांगीन. हा डाव आहे हे मला कळतं. पण मला तुझ्याशी बोलायचं आहे, रुद्राणी, आणि दुसरं काय बोलायचं ते मला सुचत नाही. रविवारी साडेसहाला मी ओट्यावर नाही, आत बसलेला असेन.

अप्पा


अंबाजोगाई
१ मार्च २०२६, रविवार

चि. रुद्राणी,

तीन रविवार मी आत बसलो. पहिल्या दोन वेळी आईने तुझ्याशी बोलून फोन ठेवला. मी टीव्हीचा आवाज कमी करून बसलो होतो, तो पुन्हा मोठा केला. आज आईने फोन उचलला, "हं" म्हणाली आणि स्पीकर लावून माझ्यासमोर स्टुलावर ठेवला. मग पदर तोंडाला लावून चुलीकडे, म्हणजे गॅसकडे गेली.

पहिल्यांदा तानाजीचा आवाज आला. "अप्पा, मी पोचलो काल. तिसऱ्या खेपेला." मी म्हणालो, "वारा किती होता?" त्याने सांगितलं. मी म्हणालो, "तानाजी, तू त्या दिवशी बरोबर होतास. खालचा दगड." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या अप्पा." मी म्हणालो, राहू द्यायचं नाही, चाळीस माणसांसमोर बोललो होतो, तेव्हा गावात गेलो की चाळीस माणसांसमोर सांगेन. मागे भांडं ठेवल्याचा आवाज आला, आणि मग तू.

तू म्हणालीस, "अप्पा, किती निघाली?"

मी म्हणालो, "बावीस फूट."

मग तू म्हणालीस, "बावीस फूट सात इंच." आणि, "आईला द्या."

मी फोन आईला दिला. क-प्रत, म्हणजे मोजणीचा शिक्क्याचा नकाशा, कपाटातून काढली. त्याच्यावर मीटरमध्ये आहे, सहा पूर्णांक अठ्ठ्याऐंशी. कागद घेऊन फुटात करून पाहिलं. नंतर जुनी वही काढून ते खोडलेलं पान, तू धरलं होतंस तसं, दिव्याखाली तिरपं धरलं. पेन्सिलचा वळ अजून आहे.

तुझं बरोबर आहे. सात इंच.

अप्पा